वाघदेवाचा शेंदूर

माझी जिवलीताई बोलायला लागली की भल्याभल्यांना गप्प बसावं लागायचं.

आमचा डोंगर फोडून खडी काढायला कंपनीचे साहेब मशीन आणि तहसीलदारांना घेऊन आले. वाटेतच आम्हा वारल्यांच्या वाघदेवाची शिळा होती. मशीनला काही होऊ नये म्हणून साहेबांनी भीतभीत तिच्यापुढे नारळ फोडला आणि तहसीलदारांना म्हणाले, "फार जागृत देव आहे हो, शेकडो वर्षांचा!"

मग आमच्याकडे बोट दाखवलं. "ही जंगली माणसं मात्र काल येऊन बसलीत. त्याआधी इथं चिटपाखरू नव्हतं. हाकला यांना!"

मी धोंडा उचलला. ताईने माझा हात धरला आणि स्वतः पुढे झाली.

"साहेब, इथं माणूसच नव्हता, तर शेकडो वर्षं देवाला शेंदूर कोण लावत होतं? वाघ?"

मशीनचा ड्रायव्हरसुद्धा हसला. तहसीलदार म्हणाले, "मशीन खाली न्या. आधी यांच्या वहिवाटीची चौकशी होऊ दे."

डोंगर अजून जागेवर आहे. गेल्या महिन्यात ताई तापाने गेली. तिला आम्ही त्याच डोंगराच्या पायथ्याशी अग्नी दिला. कुणाची परवानगी मागितली नाही.