बुधी आणि धिंगरीपरी

डोंगराच्या उतारावर, सागाच्या रानाला टेकून सहा घरांची एक वाडी होती. तिच्यातल्या शेवटच्या घरात बुधी राहायची. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. वय वर्षं नऊ. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचून बाजारात विकायची. पण त्या श्रावणात आईला ताप आला. ताप उतरला, तरी अंगात ताकद म्हणून राहिली नाही. भाकरी घशाखाली उतरेना, पेजेचा वासही नको वाटे.

"आये, काय करून देऊ तुला?" बुधीनं विचारलं.

"अळिंबीचा रस्सा असता तर दोन घास गेले असते बघ," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

बुधी टोपली घेऊन रोज रानात जाऊ लागली. पण रानातली अळिंबी म्हणजे आठ-दहा दिवसांची पाहुणी, आणि यंदाची तर संपतच आली होती. हिंडता हिंडता एका सकाळी तिला जुन्या उंबराच्या खोडावर एकच झुपका दिसला. आईनं ओळखायला शिकवलेली, खायची अळिंबी! मोतिया रंगाच्या इवल्या इवल्या टोप्या, कडांना फिकी गुलाबी झाक आणि टोपीटोपीवर दवाचा चमचमता मणी.

बुधीला एक सवय होती. खुडण्याआधी ती टोपीवर हळूच टिचकी मारायची. खाली एखादी मुंगी, एखादा किडा बसला असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळावा, म्हणून.

"कोणी आहे का गं आत?"

"आहे की!" आतून आवाज आला.

टोपीखालून एक बोटभर उंचीची परी बाहेर आली. झालरीझालरींचा मोतिया घागरा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पंख, आणि केसांत हिरव्या शेवाळाची चिमुकली वेणी.

"मी धिंगरीपरी. तू खुडतेस ना, ती ही धिंगरी अळिंबी माझंच घर," ती म्हणाली. "आजवर सगळे माझं छप्पर उपटून घेऊन गेले. आधी विचारणारी तूच पहिली. माग काय हवं ते. पण इच्छा एकच हं."

बुधीनं फार विचार केला नाही. "रानातली संपली तरी आमच्या घरात अळिंबी उगवू दे. आईसाठी."

"उगवेल. बी माझं, मेहनत तुझी," परी म्हणाली. तिनं पंख झटकले, तसा बुधीच्या हातात पानाचा एक द्रोण आला. द्रोणात गव्हाचे दाणे होते आणि दाण्यांवर पांढरी, मऊ बुरशी कापसासारखी पसरली होती.

"हेच बी. आता नीट ऐक. भाताचा पेंढा बारीक काप, रात्रभर भिजव, मग तासभर कढत पाण्यात ठेव. निथळून पूर्ण गार झाल्यावरच बी घाल. ऊन पेंढ्यात बी मरतं. धुतलेल्या हातांनी प्लास्टिकच्या पिशवीत एक थर पेंढा, एक थर बी असं भर. तोंड बांध आणि सुईनं भोकं पाड. अठरा दिवस अंधारात ठेव, उघडून बघू नकोस. आणि बी एकदाच मिळतं. दुसऱ्यांदा मागायचं नाही."

बुधीनं सगळं दोनदा म्हणून पाठ केलं. तोवर खोडावरची परी दिसेनाशी झाली होती. तिचं छप्पर म्हणून तो झुपका तसाच ठेवून बुधी घरी निघाली.

पण पेंढा आणायचा कुठून? शेजारी चिंधू आजा राहायचा. म्हातारा, एकटा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्याच्या पडवीत पेंढा होता. त्यानं लागेल तेवढा दिला, वर मोठं तपेलंही दिलं. बुधीनं त्याला सगळं सांगितलं आणि अर्धं बी त्याच्यापुढे ठेवलं.

"अगं, तुझ्या आईसाठी आहे ना ते?"

"तुलाही कोण करून घालतंय, आजा? अर्धं तुझं."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पेंढा कढत पाण्यात बुडवला आणि निथळत ठेवला. आजा मधूनमधून त्यात हात घालून बघायचा. "अजून ऊन आहे. थांब," म्हणायचा. पण आईनं कालपासून काहीच खाल्लं नव्हतं, बुधीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं आपला वाटा तसाच ऊन असताना उचलला, पिशवी भरली आणि घरी नेली. आजानं मात्र पार दिवस कलल्यावर आपली पिशवी भरली.

बुधीची पिशवी पांढरी झालीच नाही. आठव्या दिवशी तिच्यावर हिरवे डाग आले, मग काळे, मग कुबट वास सुटला. बुधी पिशवीजवळ बसून खूप रडली. मग ती आजाकडे गेली आणि खरं ते सांगितलं. "मी थांबले नाही, आजा. बी माझ्या हातानंच मेलं."

आजानं तिचा हात धरून तिला आपल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. "माझ्या पिशवीला हात लाव. मला दिसत नाही, तू सांग."

पिशवी घट्ट लागत होती, वरून गारेगार. बुधीनं दार किलकिलं केलं. पिशवी आतून दुधासारखी पांढरीशुभ्र झाली होती.

तोवर आई घोटघोट पेजेवर कशीबशी दिवस काढत होती. अठराव्या दिवशी दोघांनी प्लास्टिक कापून काढलं, पांढरा गठ्ठा दोरीनं टांगला आणि रोज तीनदा पाणी शिंपडलं. त्यानंतर चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे मणी फुटले. सातव्या दिवशी सगळा गठ्ठा मोतिया झालरींनी भरून गेला!

"निम्मी तुझी," आजा म्हणाला.

"माझी तर वाया गेली."

"मग ही कुणाच्या बियाची आहे?"

बुधीनं रस्सा केला. आईनं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, मग भाकरी मागितली. आजाही तिथंच जेवायला बसला. बुधी उरलेली अळिंबी झाकायला गेली, तर टोपलीच्या कडेवर परी बसलेली!

"मी तुझा नियम मोडला," बुधी खाली मान घालून म्हणाली.

"मोडलास. म्हणून तुझी पिशवी मला वाचवता आली नाही," परी म्हणाली. "पण तू वाटून टाकलेलं बी जगलं. आता त्या गठ्ठ्यातला पांढरा पेंढा मूठमूठ घे, नव्या गार पेंढ्यात मिसळ आणि घरोघरी दे. यापुढे बी मागायला माझ्याकडे यावं लागणार नाही."

"मग आज कशाला आलीस?"

"चव बघायला!"

बुधीनं चमच्याच्या टोकावर एक थेंब धरला. परीनं तो चाखला, ओठ पुसले आणि गोड हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, निळा, गुलाबी प्रकाश फुलला. भिंती, चूल, आजाचा सुरकुतलेला चेहरा, सारं क्षणभर झळाळलं, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

"काय गं, काय झालं?" आजानं विचारलं. "चेहऱ्याला ऊब लागली माझ्या."

बुधी सांगणार होती, तेवढ्यात आईनं ताट पुढे सरकवलं. "बुधे, आधी मला अजून थोडा रस्सा वाढ."