झारीची माया

झाडं आणि अवजारं एकमेकांशी भांडत, तेव्हाची ही गोष्ट. फणसाच्या सावलीत एक भुईचाफा होता. थंडीत त्याची पानं वाळून गेली आणि तो जमिनीखाली आपल्या कंदात निजला. उघडी माती बघून झारीचा जीव कळवळला. ती रोज तिथे पाणी ओतू लागली.

"अगं, तो गेला नाही, झोपलाय. आता पाणी नको त्याला," फणस म्हणाला.

"मेल्या, तुला मायाच नाही कुणाची!" झारी फणकारली.

चैत्रात पलीकडच्या वाफ्यातले भुईचाफे फुलले. इथे काहीच उगवलं नाही. माळीणबाईंनी माती उकरली, तर हाताला कुजका लगदा लागला.

झारी रडू लागली. "मी तर त्याला एक दिवससुद्धा विसरले नाही रे!"

"विसरली असतीस," फणस हळूच म्हणाला, "तर आज तो फुलला असता."