शब्द निजवणारी राणी

एका राज्यात शब्दांची झोप उडाली होती. घोरक नावाच्या मांत्रिकाने राजा रणधवलाला सैन्यासकट सीमेवरच्या खिंडीत पाषाण केले, आणि जाता जाता शाप दिला, की या भूमीत कुठलाही शब्द लिहिला की तो त्याच क्षणी, त्याच जागी घडेल. खिंडीत जो तोंड उघडी किंवा लेखणी उचली तो दगड होई. तेव्हा उद्धाराचा मंत्र लिहून, मुक्यानेच तिथे न्यायला हवा होता. पण राणी शाल्मलीने तो महालात लिहिला, की महालातलेच दगड जिवंत होत. दारचे सिंह डरकाळ्या फोडत रानात गेले, देवडीवरचे हत्ती तळ्यात उतरले. खिंडीतला राजा मात्र जिथल्या तिथे. वारा त्याचा चेहरा रोज थोडा थोडा झिजवीत होता. राणीला अन्न गोड लागेना, एका जागी पाय ठरेना.

हिंडता हिंडता ती रानातल्या विहिरीपाशी आली. काठावर नीळकंठ पक्षी बसला होता.

"शब्द निजवायला शिकशील?" पक्षी म्हणाला.

"शिकेन. पण लवकर शिकव."

"वाळल्या पानावर 'अग्नी' लिही. पान जळता कामा नये."

राणीने लिहिले. पान भडकले, बोटे पोळली.

"शब्दाआधी सरळ रेघ ओढ. तिच्याआड शब्द नुसता शब्द राहतो."

तिने रेघ ओढली, मग अग्नी लिहिला. पान थंड राहिले.

"आता 'पिंजऱ्यात मैना' लिही. पिंजरा निजू दे, मैना जागी हवी. जिला उठवायचे तिच्याआधी गळासारखा बाकदार आकडा काढ."

राणीने आरंभी सरळ रेघ ओढली, मैनेला आकडा लावला. काहीच हलले नाही. तिचा धीर सुटू लागला.

"सरळ रेघेखाली झोप गाढ असते," पक्षी म्हणाला. "तिथे आकड्याची हाक पोचत नाही. रेघ तिरपी ओढ. ती झोप सावध असते."

तिने रेघ तिरपी केली. पानातून जिवंत मैना भुर्रकन उडाली. मागे पिंजरा शाईचाच राहिला.

"तिसरे काम तुझ्या मंत्राचे. काठावरचा तो ताम्रपट घे."

राणीने तिरपी रेघ ओढली आणि खाली मंत्र लिहू लागली: उठा, श्वास घ्या, चाला. शब्द निजून राहिले. 'श्वास' शब्दापाशी पक्ष्याने तिला थांबवले.

"दगडाला खरा श्वास लागतो. इथे आकडा लावशील तर तुझाच श्वास पटात उतरेल. अर्धा जाईल. परत येणार नाही."

राणीने आकडा लावला. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे काळोखी आली, पण हात थांबला नाही. शेवटी तिने 'सेना' लिहून तिलाही आकडा लावला. शब्द जागा झाला. शिपायांची नावे त्यातून बाहेर पडली आणि एकमेकांत गुंतून पटावर त्यांचा गोळा झाला.

"असाच नेलास," पक्षी म्हणाला, "तर हजार तोंडांचा एकच प्राणी उठेल."

"मग काय करू?"

"ते गाठोडे आहे. आकड्याला वेटोळे घाल, म्हणजे गाठ सुटेल."

राणीने गोळा घासून पुसला. तिने पुन्हा आकडा काढला, त्याला वेटोळे घातले आणि सेना लिहिली. नावे एकेक करून सुटी झाली आणि ओळीने उभी राहिली.

मग ती खिंडीकडे निघाली. चढावर दम कोंडे, बसावेसे वाटे, पण वारा ऐकू आला की ती उठे. रणधवलाचे नाक झिजून सपाट झाले होते. तिने ओठ मिटून ताम्रपट त्याच्या पायाशी ठेवला. शापित दगडाचा स्पर्श होताच निजलेले शब्द उठले. आधी राजाने श्वास घेतला, चेहरा पूर्ववत भरला. मग शिपाई एकेक, आपापल्या अंगाने, आपापल्या नावाने उभे राहिले. खिंड मोकळी झाली, राज्यावरचा शाप विरला, आणि त्या दिवसापासून लिहिलेले शब्द कुणी हाक मारीपर्यंत स्वस्थ निजू लागले.

राजाने राणीकडे पाहिले.

"तुला एवढी धाप का लागली आहे?"

"घाट चढून आले," राणी म्हणाली, आणि त्याच्या खांद्याला धरून हळूहळू उतरू लागली.