लाल दोऱ्याचं तिळाचं झाड

फार पूर्वी, तीळ पिकवणाऱ्या एका गावात दोन जावा राहत. गावाचं बियाणं थोरलीच्या हाती असे. पीक पिवळं पडू लागलं की ती शेतातल्या देखण्या झाडांना लाल दोरे बांधी. दोरा बांधलेल्या झाडाला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. त्यांचेच तीळ पुढच्या वर्षी घरोघर पेरले जात.

त्या वर्षी सगळं शेत वाळत आलं, तरी बांधाजवळचं एक झाड हिरवंगार! शेंड्याला पानांचा नुसता झुपका. थोरली हरखली. पहिला दोरा तिने त्यालाच बांधला.

"जाऊबाई, याला बोंडं कुठायत?" धाकटीने विचारलं.

"येतील गं! रूप बघ त्याचं. तुला मेलीला खोडच काढायची सवय."

धाकटीने एक फूल नखाने उकललं आणि ती बघतच राहिली. पाकळ्यांच्या जागी पानं होती. बी धरायच्या जागीही इवलासा हिरवा कोंब.

झालं होतं असं, की रस शोषणाऱ्या तुडतुडा किड्याच्या सोंडेतून एक जंतू झाडाच्या रसात शिरला होता. डोळ्यांना दिसणारही नाही, एवढा लहान. पान कधी फुटावं, फूल कधी धरावं, हे झाड आतल्या आत स्वतःला सांगत असतं. जंतूने हुबेहूब तसंच सांगणारी प्रथिनं बनवली. 'फूल नको, पानं कर. वाळू नकोस.' झाडाला वाटलं, आपलंच मन बोलतंय. म्हणून ते लढलंच नाही, उलट राबलं. कोवळी पानं तुडतुड्यांना, रस जंतूला, आणि स्वतःचा असा एक तीळही नाही! एवढ्याशा जिवाला हे कसब आलं कुठून? मी तर थक्कच होते.

जावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण पानांखाली तुडतुड्यांची दाटी त्यांना दिसत होती. शेजारची दोन झाडंही शेंड्याला फुलांऐवजी पानंच धरू लागली होती.

"उपटूया," धाकटी म्हणाली.

"दोरा बांधलाय गं मी! गाव काय म्हणेल?"

"आणि पुढच्या वर्षी गाव पेरील काय?"

थोरलीने आधी दोरा सोडला. मग तिने ते झाड मुळासकट उपटलं, शेजारची दोन्हीही उपटली, आणि तिन्ही जाळून टाकली. तिला फार वाईट वाटलं.

नंतर ती शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एक पानं झडलेलं, वाळून काळपट पडलेलं झाड होतं. तिने ते वाकवलं, तशी तिची ओंजळ तिळांनी भरली.

"हेच पेरायचं," ती हळूच म्हणाली. "मरता मरता लेकरं जपलीत यानं."

तात्पर्य: आपल्याच मनाच्या आवाजात बोलणारा शत्रू ओळखायचा, तर नुसतं रूप बघू नये, बी धरलंय का, ते बघावं.