पाटावरचा फेटा

फार वर्षांमागची गोष्ट. एका खोऱ्यात सहा वाड्या होत्या आणि राजा मात्र एकही नव्हता. राजावाचून त्यांचं फारसं काही अडतही नसे. दर पाच वर्षांनी प्रत्येक वाडीत मडकी मांडायची, लोकांनी आपल्या पसंतीच्या माणसाच्या मडक्यात चिंचोका टाकायचा, आणि ज्याचे चिंचोके जास्त तो सभेत जायचा. सहा वाड्यांची ही सहा माणसं चिंचेखाली पाटांवर बसून कारभार पाहायची. प्रश्न निघाला की हात वर करायचे. हात जास्त पडतील तसं करायचं, आणि सारखे पडले तर जे जसं आहे ते तसंच ठेवायचं.

आणखी एक रीत होती. एखादा पाट मध्येच रिकामा झाला, तर तेवढ्या वाडीने पुन्हा मडकी मांडून उरलेल्या काळापुरता नवा माणूस पाठवायचा.

नदीकाठच्या वाडीच्या पाटावर एक म्हातारा नावाडी बसायचा. खोऱ्यात नाव एकच होती आणि ती याच वाडीत राहायची, कारण पावसाळ्यात पाणी हिलाच वेढायचं. तीन वाड्यांना मात्र नाव वरच्या बाजारघाटावर हवी होती. दर वर्षी त्यावरून वाद व्हायचा. नावाडी भांडायचा, हात तीन-तीन पडायचे आणि नाव जागची हलायची नाही.

एका हिवाळ्यात नावाडी वारला. त्या दिवशी वाडीत कुणाचीच चूल पेटली नाही. त्याची एकुलती लेक तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन सभेत गेली आणि बापाचा लाल फेटा त्याच्या पाटावर ठेवून आली.

महिन्याभराने सभेच्या म्हाताऱ्या प्रमुखाने निरोप धाडला. "तुमचं दुःख मोठं आहे. पण पाट रिकामा आहे. कुणाला तरी निवडा."

वाडी जमली. लेक म्हणाली, "बाबांच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही."

"दीड वर्षाने सगळ्याच वाड्यांत मडकी मांडायची आहेत," एक जण म्हणाला. "तेवढ्यासाठी कशाला? राहू दे फेटा."

वाडीत एक कुंभारीण होती. जिभेची फटकळ, त्यामुळे फारशी कुणाला आवडत नसे. ती उठून म्हणाली, "फेटा काय बोलणार तिथं? दुसरं कुणी नसेल तर मी जाते. नावाड्याची सर मला नाही, पण हात वर करता येतो."

"माणूस जाऊन जेमतेम महिना झाला, तर हिचा पाटावर डोळा," कुणीतरी पुटपुटलं. लेकीने तोंड फिरवलं. कुंभारीण खाली बसली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. दुःखात असलेल्या माणसांना खरं बोलणाऱ्याचा फार राग येतो.

उन्हाळा संपता संपता सभेत नावेचा प्रश्न निघाला. बाजारघाटाच्या बाजूने तीन हात वर झाले. विरुद्ध दोन. त्या दोघांनी लाल फेट्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. चार दिवसांत नाव वर गेली.

आषाढात नदी चढली. वाडीभोवती पाणीच पाणी झालं आणि त्यातच लेकीच्या मुलाला ताप भरला. वैद्य पलीकडच्या काठाला. मुलाला छातीशी धरून ती दिवसभर हाका मारत राहिली, पण बाजारघाटापर्यंत तिचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं. कुंभारीण तिच्या डोक्यावर घोंगडी धरून शेजारी उभी होती. "मी म्हटलं होतं," असं एकदाही तिच्या तोंडून आलं नाही. पाणी ओसरायच्या आत मूल गेलं.

वाट मोकळी झाल्यावर लेक सभेत गेली.

"आमची नाव का नेलीत?" तिने विचारलं.

प्रमुखाचे डोळे भरून आले. "पोरी, आम्ही हात मोजले. एक हात आणखी असता तर तीन-तीन झाले असते, नाव तुमच्याकडेच राहिली असती. तुमच्या पाटावर फेटा होता. फेट्याला हात कुठून असणार?"

लेक बापाच्या पाटाजवळ गेली. तिने फेटा उचलून पदराखाली घेतला आणि घरी न जाता थेट कुंभारणीच्या दारात गेली.

"मावशी," ती म्हणाली, "मडकी द्या. मांडू या."

कुंभारीण निवडून आली. पाटावर बसताच तिने नावेचा प्रश्न पुन्हा काढला, आणि या खेपेला बाजारघाटाच्या बाजूच्या एका वाडीने लाजून आपला हात खाली ठेवला. नाव परत आली. सगळी वाडी तिला बघायला काठावर धावली. लेक तेवढी गेली नाही. घरात पाळणा तसाच टांगलेला होता, त्याच्या दोरीला हात लावून ती बसून राहिली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गेलेल्या माणसासाठी घरात हवं तेवढं रडावं, पण चारचौघांसाठी बोलायची त्याची जागा रिकामी ठेवू नये, कारण तिची गरज मागे राहिलेल्यांना असते.