हातचा सुटला

डोंगराच्या पदरात दोन वाड्या होत्या. एक वरली, एक खालली. वरल्या वाडीच्या टोकाला, जिथून रान सुरू होतं, तिथल्या खोपटात हौसा नावाची एक पोर आपल्या बाबांबरोबर राहायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात रानात वणवा पेटला आणि वाऱ्याबरोबर वाड्यांवर उतरला. माणसं वाचली, गुरं वाचली, पण घरातलं सगळं किडूकमिडूक जळालं. गोधड्या जळाल्या, घोंगड्या जळाल्या. लोकांनी कारवीचे कूड घालून नवी खोपटं उभी केली. पण पौषाचा गारठा आला, तेव्हा अंगावर ओढायला कुणाकडेच काही नव्हतं. लोक शेकोटीला पाठ लावून बसायचे. पाठ भाजायची आणि पोट काकडायचं.

हौसाला आई नव्हती. हौसा रांगत होती, तेव्हाच ती तापानं गेली. हौसाला तिचा चेहरा आठवायचा नाही. आठवावा म्हणून ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, तर मिटल्या डोळ्यांत नुसता लाल लाल उजेड दिसायचा. बाबांना विचारलं, तर ते म्हणायचे, "चांगली होती." आणि कुऱ्हाड उचलून बाहेर जायचे.

एका सकाळी हौसा काटक्या गोळा करायला रानात गेली. गवताच्या पात्यापात्यावर दव गोठलं होतं आणि कोवळ्या उन्हात ते हिऱ्याच्या चुऱ्यासारखं लुकलुकत होतं. समोर सावरीचं झाड उभं होतं. त्याच्यावर एक पान नव्हतं, पण फांदीफांदीवर लालभडक फुलं होती, जणू कुणी आभाळात शेकडो इवल्या पणत्या लावून ठेवल्या होत्या.

झाडाखाली एक फूल पडलं होतं आणि ते थरथरत होतं.

हौसानं वाकून पाहिलं. ते फूल नव्हतं! अंगठ्याएवढी चिमुकली परी होती ती. लाल पाकळ्यांचा झगा, सोनेरी केसरांचे केस, आणि पाठीवर दोन झिरझिरीत पंख. पण पंखांवर दव गोठलं होतं आणि परी निळी पडली होती.

"अगं बाई! तुलाही पांघरूण नाही?" हौसा म्हणाली. तिनं परीला ओंजळीत घेतलं आणि हळूहळू फुंकर घातली. मग आपल्या परकराची उरलीसुरली किनार टर्रकन फाडली आणि परीभोवती गुंडाळली. तिच्याकडे तो एकच परकर होता.

थोड्या वेळानं परीच्या गालांवर गुलाबी रंग चढला. पंख फडफडले आणि सोन्याची भुकटी हौसाच्या नाकावर सांडली.

"मी या सावरीची परी," ती म्हणाली. तिचा आवाज घुंगरासारखा होता. "तू मला ऊब दिलीस. मी तुला दोन मागणी देते. एक सगळ्यांसाठी, एक तुझ्या एकटीसाठी. सगळ्यांचं आधी माग."

हौसाला विचार करावाच लागला नाही. "दोन्ही वाड्यांतल्या सगळ्यांना पांघरूण दे, परीबाई!"

"देईन. सावरीच्या कापसाच्या मऊ मऊ रजया देईन. पण माझ्या मागण्यांना नियम असतात, पोरी. दोन्ही वाड्यांची माणसं एकत्र करून मला एकच आकडा सांगायचा. एकही जास्त मागितली, तर सगळ्या रजयांच्या कापसाच्या म्हाताऱ्या होतील आणि वाऱ्यावर उडून जातील. एकदा सांगितलेला आकडा बदलत नाही. आणि तू आकडा जुळवत असताना मला तोंडातून शब्द काढता येत नाही."

"मला मोठी बेरीज नीट येत नाही," हौसा हळूच म्हणाली.

"मग आत्ताच शिक की! आत्ता मला बोलता येतंय."

परीनं मातीत काडीनं तीन चिमुकली घरं काढली. "उजवीकडचं घर एककाचं. मधलं दशकाचं. डावीकडचं शतकाचं. एककाच्या घरात सुटी माणसं राहतात. पण तिथे नऊच मावतात. दहावा आला की काय होतं, बघ."

तिनं एककाच्या घरात सावरीच्या आठ कळ्या ठेवल्या. त्यांत आणखी पाच टाकल्या. कळ्या गोंधळल्या, ढकलाढकली करू लागल्या. मग त्यांतल्या दहांनी एकमेकींचे हात धरले आणि त्यांची एक छोटीशी जुडी झाली. घरात राहिल्या तीन कळ्या.

"जुडी आता एककाच्या घरात राहत नाही," परी म्हणाली. "ती शेजारी दशकाच्या घरी जाते. तिथे सगळ्या जुड्याच असतात. आणि दहा जुड्या झाल्या की त्यांचा एक मोठा भारा होतो. तो जातो शतकाच्या घरी. पण एक लक्षात ठेव. शेजारच्या घराची बेरीज होईपर्यंत ती जुडी तुझ्या हातात असते. तिला जपायचं. म्हणूनच तिला हातचा म्हणतात."

हौसा खुदकन हसली. शाळेत गुरुजी "हातचा एक" म्हणायचे, तेव्हा तिला वाटायचं, ते उगाच म्हणतात.

त्या दिवशी ती दारोदार फिरली आणि माणसं मोजून आली. वरल्या वाडीत एकशे सत्तेचाळीस. खालल्या वाडीत शहाऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सावरीखाली पोचली, तेव्हा परी एका फुलाच्या काठावर बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

हौसानं मातीत तीन घरं काढली आणि एककाच्या घरापासून सुरुवात केली. सात आणि सहा, तेरा. तीन घरात ठेवले. दहांची एक जुडी झाली. तिच्या खुणेसाठी तिनं एक लाल कळी उजव्या मुठीत घट्ट धरली.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं, हे झालं की दुसरं मागणं. माझ्या एकटीचं!

काय मागायचं, ते तिनं रात्रीच ठरवलं होतं. एकदा, फक्त एकदा, आईला बघायचं. आई कशी दिसत असेल? लुगडं कुठल्या रंगाचं असेल? मला बघून काय म्हणेल? हौसाचे डोळे भरून आले. तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. मूठ सैल झाली आणि लाल कळी गवतात पडली. तिथे इतकी लाल फुलं सांडलेली होती, की तिच्या ध्यानातच आलं नाही.

परीच्या ध्यानात आलं. ती ताडकन उभी राहिली. पण ओठ हलेनात.

"चार जुड्या आणि आठ जुड्या, बारा," हौसा घाईघाईनं म्हणाली. "दोन ठेवल्या, दहांचा झाला भारा. एक भारा आधीचा, एक हा, दोन. दोन, दोन, तीन. दोनशे तेवीस!"

परीनं डोळे मिटून घेतले. तिच्या पापणीतून दवाचा एक थेंब ओघळला. हौसाला वाटलं, आनंदानंच असेल.

सावरीची बोंडं अवेळी तडतड फुटली. पांढराशुभ्र कापूस आभाळभर झाला, लाल, केशरी, मोरपंखी कापडं वाऱ्यावर भिरभिरत आली, आणि रजया दारादारांत उतरू लागल्या. पोरं नाचली. म्हाताऱ्या बायकांनी गालांना कापूस लावून पाहिला. हौसाच्या बाबांनी आपली रजई दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हौसे, हे तू आणलंस?"

हौसाला आभाळ ठेंगणं झालं.

दिवस कलताना ती खालल्या वाडीत गेली. ओढ्याकाठच्या शेवटच्या दोन खोपटांपाशी शेकोटी पेटली होती. तिथे चांगुणामावशी बसली होती. नुकतीच बाळंत झालेली ती, बाळाला पदरात गुंडाळून विस्तवाकडे धरून होती. तिच्या बाजूला तिच्या घरची आणि शेजारची माणसं होती. कुणाच्याच अंगावर रजई नव्हती.

"मावशी, तुमच्या रजया?"

"आमच्यापर्यंत नाही पोचल्या गं," चांगुणामावशी म्हणाली. "असू दे. वरच्या घरांनी आत्ताच सांगून पाठवलंय, रात्री एकीत दोघं निजू म्हणून. तू इतकं केलंस, तेच पुष्कळ. ये, शेक जरा."

हौसानं माणसं मोजली. बाळ धरून बरोबर दहा होती. ना एक कमी, ना एक जास्त.

तिनं आपला उजवा हात उघडून पाहिला. रिकामा होता. मग तिला आठवलं, डोळे पुसताना मूठ उघडली होती आणि दहांची ती जुडी तिनं मिळवलीच नव्हती.

कुणी तिला रागावलं असतं, तर बरं झालं असतं. कुणीच रागावलं नाही. चांगुणामावशीनं तिला आपल्याजवळ ओढून घेतलं, आणि त्या उबेत हौसाला आणखीच रडू आलं. बाळाला ठसका लागला होता. ते खोकताना त्याच्या चिमुकल्या मुठी निळसर व्हायच्या.

घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. परी, मागणी, नियम, गवतात पडलेली कळी, खोकणारं बाळ. दुसरं मागणं काय होतं, तेही सांगितलं.

बाबांनी काटकीनं निखारे सारले.

"मला पण बघायची होती गं ती," ते म्हणाले.

हौसानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "मग काय करू, बाबा?"

"मागणं तुझं आहे, पोरी. मी काय सांगू?" ते म्हणाले, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत पुढे म्हणाले, "बाळ लई खोकत होतं का?"

"हो."

बाबांनी आपली रजई तिच्या अंगावर ओढली.

सकाळी बाबा तिला रानाच्या तोंडापर्यंत सोडायला आले. पुढे हौसा एकटी गेली. सावरीच्या झाडावर पिवळंधमक ऊन उतरलं होतं. परी फांदीवरून अलगद तिच्या तळहातावर उतरली.

"माझी कळी पडली होती," हौसा म्हणाली.

"मी पाहिलं, बाळ. ओरडावंसं वाटलं. पण माझाच नियम माझ्या तोंडावर बोट ठेवून होता." परीचा आवाज बारीक झाला. "तुझ्या मनातलं मला कळलंय. तुझी आई मी तुला दाखवू शकते. ऊन बुंध्यावरून सरेपर्यंत ती तुझ्यासमोर बसेल, तुझ्याशी बोलेल. म्हण, काय मागतेस?"

हौसानं सावरीच्या बुंध्याकडे पाहिलं. तिथे, त्या उन्हाच्या कवडशात, आई बसली असती.

ती खाली बसली आणि मातीत पुन्हा तीन घरं काढू लागली. परीनं ओठांवर बोट ठेवलं.

"सात आणि सहा, तेरा. तीन ठेवले, हातचा एक." तिनं एक कळी मुठीत घेतली. या वेळी डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं, मातीत टपटपलं, पण तिनं ते पुसलं नाही. मूठ मिटलेलीच ठेवली. "चार आणि आठ, बारा. आणि हातचा एक, तेरा. तीन ठेवल्या. हातचा एक भारा. एक आणि एक, दोन. दोनशे तेहतीस." तिनं मोठा श्वास घेतला. "दोनशे तेवीस दिल्यास तू. एक जुडी राहिली, परीबाई. दहा रजया दे. त्यातली एक अगदी लहान कर, बाळापुरती."

"हे तुझ्या एकटीचं मागणं आहे. यानंतर माझ्याकडे काही उरणार नाही."

"ठाऊक आहे."

बोंडं फुटली. रजया ओढ्याच्या दिशेनं तरंगत गेल्या आणि त्यांच्यामागून एक गुलाबी दुपटं लुटुलुटु चालल्यासारखं गेलं. ते दहावं. नऊ मोठ्या आणि एक इवलीशी. हौसानं दोनदा मोजून खात्री केली.

मग ती सावरीच्या मुळाशी बसली आणि हुंदके देऊन रडली. परी तिच्या खांद्यावर बसून राहिली.

"मागणी संपली," परी म्हणाली. "पण गोष्ट सांगायला नियम नसतो. ऐकशील? तुझी आई इथे यायची. तू तिच्या पोटात होतीस, तेव्हासुद्धा आली होती. एकटीच. मोळी बांधली, पण डोक्यावर चढवायला कुणी नव्हतं. तिनं दवात पडलेल्या मला उचलून फुलात ठेवलं होतं, म्हणून मी तिला म्हटलं, माग, काय हवं ते माग. सोनं माग, वाडा माग."

हौसा रडायची थांबली. "मग काय मागितलं तिनं?"

"म्हणाली, 'बाई, ही मोळी तेवढी डोक्यावर दे.'"

हौसाला एकदम हसू आलं. रडता रडता आलं आणि थांबेचना.

"अशीच हसली होती ती!" परी म्हणाली. "हसली, की तिचे डोळे मिटायचे आणि डाव्या गालावर खळी पडायची. तुझ्या पडते तशीच. मी मोळीवर फुंकर घातली, मोळी कापसाहून हलकी झाली. आणि ती गाणं म्हणत उतारावरून गेली. मी वळणापर्यंत बघत होते."

हौसानं बोटानं आपला डावा गाल चाचपला.

परीचे पंख उजळू लागले. आधी गुलाबी, मग केशरी, मग सोनेरी. सावरीचं एकेक फूल पेटल्यासारखं झालं, सारं रान झगमगलं, आणि त्या उजेडात परी कापसाच्या म्हातारीसारखी वर वर गेली. हौसानं हात उंच केला, तिला धरायला नाही, निरोप द्यायला. उजेड विझला, तेव्हा फांदीवर नुसती फुलं होती. त्यानंतर ती परी हौसाला पुन्हा कधीच भेटली नाही.

रानाच्या तोंडाशी बाबा तसेच उभे होते. ओढ्याकडे जाणाऱ्या रजया त्यांनी पाहिल्या होत्या. काय ठरलं, ते त्यांनी विचारलं नाही. हौसानंच त्यांना सांगितलं, मोळीपासून गाण्यापर्यंत सगळं.

बाबा हसले. सोनं सोडून मोळी मागितली म्हणून आधी मोठ्यानं हसले. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि उताराकडे बघत म्हणाले, "पोटुशी होती, आणि एकटीच गेली. मी जायला हवं होतं गं तिच्यासंगं."

हौसानं त्यांचा हात धरला, आणि दोघं खालल्या वाडीकडे, बाळाला बघायला निघाले.