डोंगराच्या पोटातलं सगळं

ही गोष्ट फार जुनी आहे, इतकी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात एक डोंगर होता आणि डोंगरात चकाकणारा काळा दगड होता. तिथल्या लोकांना त्या दगडाचा काही उपयोग ठाऊक नव्हता.

एके दिवशी समुद्रापलीकडून व्यापारी आले. त्या दगडापासून त्यांच्या देशात तेलावाचून जळणारे दिवे बनत. ते राजाला म्हणाले, "दगड आम्हाला द्या. आम्ही रस्ता बांधू, दवाखाना बांधू, तुमच्या माणसांना काम देऊ." राजा हरखून गेला.

करार दोन भाषांत लिहिला गेला. दोन्ही प्रती ताडून पाहायचं काम दरबारातल्या दुभाष्याकडे, केसोपंतांकडे आलं. वाचता वाचता पंत एका ओळीवर थबकले. आपल्या प्रतीत 'डोंगरातला काळा दगड' असं होतं. परक्या प्रतीत होतं, 'डोंगराच्या पोटातलं सगळं'.

त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं. तो गोड हसला. "पंत, आमच्याकडे असंच लिहायची पद्धत आहे. अर्थ एकच."

पंतांना ते हसू आवडलं नाही. पण आदल्याच वर्षी त्यांनी एका घोडेवाल्यावर संशय घेतला होता. तो संशय खोटा ठरला, चांगले घोडे शेजारच्या राजाने नेले आणि भर दरबारात पंतांचं हसं झालं. पुन्हा तीच फजिती नको, म्हणून ते गप्प बसले. करारावर राजाची मोहोर उमटली, तिच्याखाली पंतांची.

रस्ता खरोखर झाला. पंत मुद्दाम त्यावरून चालत गेले. तो डोंगरापासून थेट बंदरापर्यंत जात होता. वाटेत एकाही गावाला, एकाही बाजाराला शिवत नव्हता. पंतांना करारातली ती ओळ आठवली. तरीही ते बोलले नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यात दगड धुवायला व्यापाऱ्यांना पाणी कमी पडू लागलं. त्यांनी डोंगरातल्या झऱ्यांना कुंपण घातलं. पायथ्याच्या तीन गावांतल्या बायका घागरी घेऊन गेल्या, तर पहारेकऱ्याने कराराची नक्कल पुढे केली. बायका ती घेऊन पंतांच्या दारात आल्या. सगुणा नावाची एक जण म्हणाली, "पंत, आम्हाला वाचता येत नाही. यात काय लिहिलंय ते सांगा."

पंतांनी ती ओळ वाचली. मग तिचा अर्थ सांगितला.

"म्हणजे पाणीपण त्यांचंच?" सगुणाने विचारलं. मग तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही मोहोर तुमची ना? तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं का?"

पंतांना खोटं बोलता आलं असतं. पण समोर रिकाम्या घागरी होत्या.

"कळलं होतं," ते म्हणाले.

कुणी शिवी दिली नाही. बायका नुसत्या उठून गेल्या, आणि पंतांना तेच सोसेना. ते तडक दरबारात गेले आणि त्यांनी सगळं कबूल केलं.

"तेव्हाच का बोलला नाहीत?" राजा ओरडला.

"आपण हसाल म्हणून, महाराज."

राजाने मान खाली घातली. त्याने व्यापाऱ्याला बोलावून करार बदलायला सांगितलं. व्यापारी अदबीने म्हणाला, "अवश्य बदलू, महाराज. मुदत संपली की. तोवर आमच्या प्रतीवरही आपलीच मोहोर आहे."

मुदत वीस वर्षांची होती. त्या वीस वर्षांत तिन्ही गावं उठून गेली. राजाने नवा कायदा केला, की कोणताही करार आधी गावागावांत लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि शंका घेणाऱ्याला कुणी हसायचं नाही. वाचून दाखवायचं काम केसोपंतांनी मरेपर्यंत केलं. पण उठून गेलेल्या गावांत पुन्हा कुणी राहायला आलं नाही.

तात्पर्य : वेळेवर बोलून दाखवलेली शंका घर वाचवते, मनात दाबून ठेवलेली शंका फसवणाऱ्याच्याच कामी येते.